खिळ्यावरची रोटी

मोहल्ल्याच्या कचेरीत झुल्हुमोर भाड्याच्या मदतीचा अर्ज भरत होती. शेजारच्या होसियत आपा सोबत आल्या होत्या.

“आपा, घरात माणसं किती, इथं काय लिहू?”

“एक. कमावता मुलगा दाखवलास तर मदत विसर.”

“पण रशियाला कामाला जाताना रिवाजाप्रमाणे त्यानं एक घास घेतलेली रोटी अजून खिळ्याला टांगलेली आहे. उरलेली तो आल्यावर खाणार.”

“सहा वर्षांत फोन तरी आला का गं?”

“स्वप्नात येतो. काल दारात उभा होता, आणि रोटीतून वाफ निघत होती.”

“एकच लिही. कचेरीतले साहेब घर तपासून जाईपर्यंत रोटी उतरवून ठेव.”

“तो येईपर्यंत ती खाली ठेवायची नसते. तेवढे दिवस तुमच्याकडे टांगाल?”

“टांगली असती गं. माझ्याकडे दोनच खिळे आहेत, आणि माझे दोघंही मुलगे अजून यायचेत.”