चौऱ्याण्णव टक्के

बसथांब्यावर बाप-लेक कॉलेजचं माहितीपत्रक उघडून बसले होते. शेजारी व्हर्ना नावाची एक अनोळखी म्हातारी विणत होती. त्याच कॉलेजच्या कचेरीत तिची तीस वर्षं गेली होती. दर हिवाळ्यात ती पास झालेल्या मुलांना फोन करून कोण काय करतंय ते लिहून घ्यायची.

“चौऱ्याण्णव टक्के कामाला लागतात, बाबा.”

“ज्यांनी फोन उचलला त्यांच्यातले. खाली बारीक अक्षरात बघ.”

“तुम्ही बारीकच वाचणार!”

“अर्ज केलेल्या दहातल्या आठांना घेतात इथे.”

“म्हणजे मी कुणीही?”

“तसं नाही गं. आपलं सरकारी कॉलेज घरापासून वीस मैलांवर आहे. स्वस्तही.”

“शिष्यवृत्ती धरली की खर्च सारखाच येतो. दोनदा हिशेब केलाय आपण.”

“केलाय.”

“मग अडलंय कुठे?”

“किती जण घरी परत आले, ते नाही छापलेलं.”

“आई असती तर म्हणाली असती, जा.”

“ती असती तर मीही म्हणालो असतो.”

“…दर रविवारी फोन करीन. उचलाल ना?”

“पहिल्या घंटीला.”

बस आली, दोघं चढले. व्हर्नाला कुठेच जायचं नव्हतं; कोण कुठे निघालंय ते ऐकायलाच ती इथे येऊन बसायची. तिने सुटलेला टाका उचलला आणि पुढच्या बसची वाट पाहू लागली.