‘झालं सर’ म्हटलेलं चाक

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, पहिली रांग रिकामी आहे. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला आपल्याकडे सगळे घाबरतात. आज बसा. मी काही चावणार नाही. निदान तुम्हाला तरी नाही.

मला बोलणं जड जातंय. माझी बहीण म्हणाली, वृंदा, तू नुसती हात जोडून उभी राहा, लोक समजून घेतील. नाही ग बाई. समजून घेतात म्हणूनच बोलायला हवं. लोकांनी काय समजून घेतलंय ते मी गेले कित्येक दिवस ऐकते आहे. सरांना डुलकी लागली. सरांचं वय झालं होतं. या वयात हायवेवर जायचंच कशाला? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर कोणीतरी लिहिलं, गाडी चालवायला शिकवणारेच असे गेले, काय म्हणावं. खाली हात जोडल्याची चित्रं होती.

काय म्हणावं ते मी सांगते.

आमचे हे, अरविंद, तुमचे सर, कर्वेनगरमध्ये आयुष्यभर ड्रायव्हिंग क्लास चालवत होते. बायकांची बॅच माझ्याकडे होती. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे आमच्याकडे शिकून घेतलंय. आणि लायसन्सच्या परीक्षेला जाण्याआधी प्रत्येकाला चाक बदलायला लागायचं. आठवतंय ना? कुरकुर करायचात. सर, पंक्चरवाला असतो की. सर म्हणायचे, असतो ना, पण तो तुमच्या गाडीत बसत नसतो.

चाक जमिनीवर असताना नट सैल करायचे. मग जॅक. आधी जॅक लावलात तर पान्याबरोबर चाकच फिरतं. मंडईतले आमचे एक व्यापारी त्या चाकाशी फुगडी खेळत बसले होते, सर कट्ट्यावर बसून मजा बघत होते. बसवताना नट आधी हाताने लावायचे. एका शेजारी एक नाही, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. पान्यावर उभं राहून नाचायचं नाही. आणि गाडी खाली घेतल्यावर, चाकाने जमीन धरल्यावर, शेवटचा आवळ. तो आवळ म्हणजे सगळं काम. त्याच्या आधीचं सगळं नुसतं अडकवणं.

तुम्ही तो आवळ दिला की उभं राहून म्हणायचं, झालं सर.

मग सर काय करायचे? नट तपासायचे? नाही. कधीच नाही. ते पाना हातात घ्यायचे नाहीत, वाकून बघायचे नाहीत. सरळ गाडीत बसायचे आणि म्हात्रे पुलापर्यंत चक्कर मारून यायचे. तुम्ही बसवलेल्या चाकावर. तुम्ही फाटकात उभे, डोळे रस्त्याकडे. परत आले की म्हणायचे, आता पुन्हा पाना लाव, चालल्यावर नट थोडे बसतात. एवढंच. मी भांडायचे त्यांच्याशी, अहो, बघून तरी घ्या. ते म्हणायचे, मी बघणार हे कळलं तर तो आवळेल कशाला? मी बसणार आहे हे कळलं की आवळतो.

इतक्या वर्षांत कोणी नट सैल सोडला नाही. एकानेही नाही. म्हणून ती सवय त्यांच्या अंगात मुरली.

आता नंदू. उठू नकोस, नंदू. बस. चहाचं बघायला बाहेर माणसं आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसलेत ते नंदूशेठ. बिबवेवाडीत टायरचं मोठं दुकान आहे त्यांचं. आमचाच विद्यार्थी. आजचा हॉल यांनी बघितला, हार यांनी आणले, बाहेरचा फ्लेक्स यांनी लावला. फ्लेक्सवर यांचा फोटो सरांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल हेच गेले. मलाही क्षणभर बरं वाटलं.

हसू नका. मी गमतीने म्हणत नाहीये.

त्या दिवशी आम्ही दोघं याच्या दुकानात गेलो. पुढची दोन्ही टायर बदलायची होती. सर दुसरीकडे कुठे जायचेच नाहीत. तुम्हालाही सरांनीच पाठवलं ना तिथे? नंदूकडे जा, माझ्या हाताखालचा आहे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, चाकापासून हातभर लांब. गाडी जॅकवर होती. कामगाराने ती हवेची गन लावली, नट फिरवले, चाक अजून अधांतरी. तेवढ्यात मागे एक मोठी गाडी आली आणि नंदूने त्या कामगाराला हाक मारली, ते सोड, इकडे ये, साहेबांना घाई आहे. जॅक खाली घेतला तो दुसऱ्याच कोणीतरी. शेवटचा आवळ दिलाच नाही. पाना लागलाच नाही. मी डोळ्यांनी बघितलंय.

मी गप्प बसणारी बाई नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, नंदू, खाली घेतल्यावर पाना लावला नाही कोणी. हा काय म्हणाला? काकू, ते तुमच्या क्लासमध्ये. इथे मशीन असतं. वाट बघणारे दोघं-तिघं हसले. मग सर म्हणाले, नंदू, झालं का रे? आणि हा, मोठ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, मान न वळवता म्हणाला, झालं सर.

सर गाडीत जाऊन बसले.

मी खिडकीशी गेले, म्हटलं, अहो, डिकीत पाना आहे, दोन मिनिटं लागतील. ते म्हणाले, वृंदा, त्याने झालं म्हटलंय. खेड शिवापूरला चहाला थांबेन तेव्हा पुन्हा पाना लावीन, नेहमीसारखा. मला बहिणीच्या दारात सोडलं आणि ते एकटे साताऱ्याकडे निघाले. खेड शिवापूर आलंच नाही. बोगद्याच्या पुढे उतारावर पुढचं डावं चाक निघून गेलं.

मला त्यांचाही राग येतो. रोज येतो. सकाळी चहा टाकते आणि रिकाम्या खुर्चीला म्हणते, काय मिळवलंत त्याचा मान राखून? पण त्यांच्याशी माझं भांडण घरचं आहे. ते मी घरी बघीन.

चाक मी पाहिलंय. पोलिसांच्या आवारात जाऊन पाहिलंय, हात लावून पाहिलंय. नटांची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. नट घट्ट असतील तर भोकं लांबट होत नाहीत. चाक डुलत गेलं की होतात. झोपलेला माणूस चाकाची भोकं लांबट करू शकत नाही. ज्यांनी ग्रुपवर डुलकी लिहिली त्यांनी घरी जाऊन हे पण लिहावं. हात जोडल्याची चित्रं घालून.

आणि ही डुलकी आली कुठून, माहीत आहे? सरांचे दिवसकार्य झाल्यावर हा नंदू घरी आला. फळांची करंडी घेऊन. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही बोलणार. म्हणाला, काकू, झालं ते झालं, सरांना झोपच लागली असणार, आपण तसंच धरून चालू, उगाच माझं दुकान, माझी माणसं, तुम्ही आईसारख्या. म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव घेतलास तो घेतलास, आता त्याचं नावही दे म्हणतोस? ज्या माणसाने जन्मभर गाडी चालवताना पान खाल्लं नाही, फोन घेतला नाही, तो झोपला म्हणून मी सांगू? तुझ्या दुकानाच्या पाटीसाठी?

ती करंडी मी उघडली नाही. तशीच कचऱ्याच्या गाडीत दिली, ओला कचरा म्हणून.

आत्ता आमच्या सोसायटीचे चेअरमन फार सुंदर बोलले. क्षमा हा सरांचा स्वभाव होता म्हणाले. होता ना. तो त्यांच्याबरोबर गेला. माझ्याकडे ठेवून गेले नाहीत. मी पोलिसांत तक्रार दिली आहे आणि ती मागे घेणार नाही. वकील म्हणतात वेळ लागेल. लागू दे. मी चांगलं खाते-पिते, रोज फिरायला जाते, मला बरंच जगायचंय. नंदू, तू दुकानाचं शटर वर करशील तेव्हा समोरच्या फुटपाथवर मी उभी असेन. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगेन, खाली उतरवल्यावर पाना लावून घ्या. बस्स. शिवी देणार नाही, आवाज चढवणार नाही. सरांच्या बायकोला शोभेल असंच करीन.

पण ते उद्यापासून. आज आपल्याला दोन मिनिटं मौन पाळायचं आहे. प्रथा आहे, मोडायची नाही. फक्त इथे उभं राहून नाही.

खाली पार्किंगमध्ये तुमच्या गाड्या आहेत. सरांनी पाठवलं म्हणून तुम्ही नंदूकडे गेलात, टायर बसवून घेतलीत, आणि आज बायका-मुलांना त्याच चाकांवर घेऊन आलात. मी पिशवीतून सरांचा पाना आणला आहे. हा बघा. मुठीकडे गुळगुळीत झालाय, तुमच्याच हातांनी.

नंदू, आता ऊठ. ये, घे हा.

तू पुढे व्हायचं. एकेका गाडीशी बसायचं आणि प्रत्येक नटाला पाना लावायचा, स्वतःच्या हाताने. आम्ही सगळे बाजूला उभे राहू. कोणी काही बोलायचं नाही, मंडळी, रागवायचं नाही, याच्या अंगावर जायचं नाही. हेच आपलं मौन. फक्त ऐकायचं. ज्याच्या गाडीचा नट फिरला, त्याने पुढे येऊन याच्या समोर उभं राहायचं आणि याच्या तोंडाकडे बघायचं. बाकी काही नको.

आणि नंदू, शेवटची गाडी संपली की पाना माझ्या हातात द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. ‘झालं’ म्हणायचं नाही. ते ऐकून गाडीत जाऊन बसणारा माणूस आता नाही.

चला मंडळी. जिन्यात दिवा लावा कोणीतरी.