इकडे म्हणजे कुठे

मी, कुलूपवाल्यांची बायको, वय ५१, धंदा शिवणकाम, राहणार किल्ल्यांच्या दुकानामागची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे यजमान लोकांची अडलेली कुलुपे उघडून देतात. त्यांच्यावर घरफोडीचा आळ आला आहे. तो जावा म्हणून मी शिवणयंत्र तसेच सोडून इथे आले.

मागच्या वर्षी ते स्कूटरवरून पडले आणि मेंदूच्या देठाला मार लागला. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. पण दोन्ही कानांतला आवाज जुळवून तो कुठून आला हे जिथे कळते, ती जागा दुखावली. गोंगाटात शब्दही एकमेकांत मिसळतात. पूर्वी माझे बोलणे ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत. आता म्हणतात, "तू चारी बाजूंनी बोलतेस." त्यांची सुटका नाही.

आज सकाळी एका बाईंची किल्ली हरवली, म्हणून ते गेले. बाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडत होत्या, "इकडे या, इकडे!" खाली फरशी कापण्याचे काम चालू होते. यजमान दुसऱ्या मजल्यावरच थांबले आणि समोरचे कुलूप उघडू लागले. बाई वरून "अहो, इकडे!" आणि हे खालून "हो हो, होतंय!" तेवढ्यात तक्रारदार आले. ते घर त्यांचे. यजमान त्यांना म्हणाले, "या, आत या. झालं मोकळं."

चोर घरमालकाला आत या म्हणत नाही. शिवाय पाऊल कुठे वाजले हे ज्याला कळत नाही, त्याने चोरी करायची कशी?

साहेबांनी विचारले, "मग दुकानाच्या पाटीवर तसं लिहून का ठेवत नाही?" मी म्हणाले, "काय लिहू? बहिरे नाहीत ते. आणि बहिरा लिहिलं तर बोलावणार कोण?" इथे मला रडू आले. पाणी पिऊन पुढे सांगते.

तक्रारदारांनी हे सगळे ऐकले. ते म्हणाले, "माझी तक्रार नाही. पण कुलूप इतक्या पटकन उघडलं की माझी झोप उडाली. दुसरं पक्कं बसवून द्या." काम मिळाले.

साहेब म्हणाले, "काका, इकडे या." यजमान ताडकन उठून कोठडीकडे निघाले. शिपाई हसले, मीही हसले. साहेबांनी मात्र उठून त्यांचा हात धरला आणि टेबलापाशी आणून बसवले. हेही लिहा, असे मीच सांगितले.

जबाब मला आणि यजमानांना, पंखा बंद करून, सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. एका जागी 'आरोपी' असे लिहिले होते, ते साहेबांनी स्वतः खोडून 'कुलूपवाले' केले.