शेवटच्या पंगतीची गरम भाकरी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा – आपण केलेलं चांगलं काम आपल्याच तोंडानं सांगितलं, तर तो अहंकार होतो का? ...गप्प बसलात! आमटीत मीठ कमी पडलं की लगेच तोंड उघडतं, इथं मात्र मौनव्रत!

ऐका तर. हे आपले पखवाजाचे बापू खरमाटे. मान खाली घालू नका बापू, तुमचंच आख्यान आहे! यांची लेक मनाली, केटरिंग शिकलेली. नोकरीसाठी अर्जांवर अर्ज केले – उत्तर एकाचंही नाही! का? अर्ज चौकातल्या सायबरवाल्याकडचा, तयार! 'मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू असून पडेल ते काम निष्ठेने करीन.' अहो, हा अर्ज माझा म्हणून चालेल, तुमचा म्हणून चालेल, आणि खांबाला टेकून डुलक्या घेणाऱ्या त्या अण्णांचाही चालेल! होतकरू अण्णा, जागे व्हा!

इकडं घरात स्थळं बघणं सुरू. तेवढ्यात जिल्ह्याच्या एका इस्पितळात स्वयंपाकघर सांभाळायची जागा निघाली. ही हुकली की पुढं अर्ज नाही – सुपारीच फुटणार! पोरीनं कोरा कागद घेतला आणि आपल्या सप्ताहाचं लिहायला बसली.

आठवतंय ना? काल्याच्या जेवणाला घरोघरच्या भाकरी यायच्या – सगळ्या एकदम, सकाळीच! पहिली पंगत तृप्त, आणि शेवटी बसणाऱ्या, दिवसभर वाढून दमलेल्या आयाबायांना वातड तुकडे! हिनं आळीआळीला वेळ नेमून दिली. पहिल्या पंगतीला वरची आळी, मग मधली, मग खालची. शेवटच्या पानातल्या भाकरीलाही वाफ!

बापूंनी कागद वाचला – आणि कडाडले! "देवाची सेवा नोकरीच्या अर्जात? सेवा बोलून दाखवायची नसते. फाड तो कागद!"

मनाली म्हणाली, "बापू, पखवाजाला कणीक कशाला लावता?"

"घुमावा म्हणून."

"मग घुमला की त्याला गर्व झाला म्हणता का? यात एक शब्द खोटा दाखवा, आत्ता फाडते."

वा गं माझी वाघीण! बापूंनी पुन्हा वाचलं, पार खालपर्यंत. म्हणाले, "भाकरी गावानं भाजल्या. तेही लिही." तिनं लिहिलं – भाकरी गावाच्या, वेळा लावणं माझं. खाली जोडलं – 'तुमच्या शेवटच्या वॉर्डातल्या माणसालाही गरम जेवण देईन. एकदा बोलावून बघा.'

बोलावलं! तिथल्या मॅडमनी विचारलं, "आणि एखाद्या आळीला उशीर झाला तर?"

"आमची आळी कुठल्याच पंगतीला लावली नव्हती, राखून ठेवलेली, मॅडम. कुणाला उशीर झाला की आमच्या भाकरी पुढं."

मॅडम हसल्या. "कधीपासून येता?"

मंडळी, गावाच्या भाकरीवर आपलं नाव घालणं हा अहंकार. आपण केलेलं आहे तेवढंच सांगणं, हे सत्य! आणि तुम्ही? घरात पाहुणा आला की लेकीसुनांची ओळख काय करून देता? "ही काय, घरीच असते!" आज घरी जा, तिला विचारा – तू काय काय केलंस, सांग. आणि मधे बोलू नका!

मनाली आज कीर्तनाला नाही. यावेळी तिकडं शेवटच्या वॉर्डात ताटं जात असतील. मला अभिमान वाटतो हो, ऊर भरून येतो!

बापू, कणीक लावलीत ना? मग हळू नको. इस्पितळापर्यंत ऐकू जाईल अशी थाप मारा!