माझ्यासमोर केलेली सही

वकिलांवरच्या तक्रारींची चौकशी चालते, त्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो होतो. आतून एक वकील आला, तशी शेजारी बसलेली त्याची थोरली बहीण ताडकन उठली.

"वकिलीची सनद गेली का रे?"

"नाही ताई. सहा महिने काम बंद."

"एवढ्यावर भागलं? अरे, म्हातारीनं मृत्युपत्रावर माझ्यासमोर सही केली, असं कोर्टात शपथेवर सांगितलं होतंस तू!"

"आज खरं सांगून टाकलं. कागद तिच्या लेकानं सही करूनच आणला होता. म्हातारीला मी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"त्यांच्याकडं पुरावा होता?"

"काडीचाही नाही."

"मग गप्प बसायचं होतंस, गाढवा!"

"बसणारच होतो. तोंडातून निघूनच गेलं. पण ताई, दोन महिन्यांनी आज कडकडून भूक लागलीय बघ."

"मग उभा काय राहिलास? चल, आधी जेव."