कचरा समजून फेकलेली जाळी

सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ रांगेत उभे होते. तिच्या हातात वॉटर स्कूटरचा उघडलेला कार्बोरेटर होता.

“इथली जाळी कुठंय?” तिने भावाला विचारलं.

“कुठली जाळी, ताई?”

“नखाएवढी. पेट्रोलमधला गाळ अडवणारी.”

“ती होय! केवढी घाण चिकटली होती तिला. कचराच वाटला, फेकून दिली.”

“शाबास! गाळ अडवला म्हणून तिलाच हाकललंस.”

“पण इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.”

“आणि तळ्याच्या मधोमध बंद पडलं. परवा माझ्या स्कूटरला दोर बांधून तुला ओढत आणलं, तेव्हा अख्खा काठ हसत होता.”

“व्हिडिओत सोपं दिसत होतं गं.”

“व्हिडिओवाल्याला डोकं होतं. पुन्हा पान्याला हात लावशील?”

“नाही. पण जाळ्या दोन घे.”

“दोन कशाला?”

“काल तुझीही स्कूटर साफ केली. मला ओढून आणलंस ना, म्हणून.”

“माझी? अरे, ती सकाळी धक्क्यावर दिसली नाही!”

“भावोजी घेऊन गेलेत. तळ्यात.”

तिने कार्बोरेटर भावाच्या हातात कोंबला आणि काउंटरवर वाकली.

“दादा, जाळ्यांचं नंतर बघू. वल्ही आहेत का तुमच्याकडे?”