झाकणाची व्हर्जन्स

— बसा हो, बसा, उभ्याउभ्या फायली पुसल्या जात नाहीत. काय म्हणालात? पंपाच्या झाकणाची जुनी व्हर्जन्स काढून टाकायची, फक्त शेवटचं ठेवायचं — आणि आजच? डिझाइनचा माणूस आपण होऊन पुसायला आलाय! आजवर सगळे भांडायलाच आले, माझं जुनं व्हर्जन का उडवलं म्हणून. कॉम्प्युटरवरच्या या फायलींच्या कोठाराची राखण करता करता माझे केस पिकायला लागले, पण असा उलटा प्रकार पहिल्यांदाच बघतेय. थांबा, उघडते. अगं बाई — एका झाकणाची इतकी? अख्ख्या पंपाची नाहीत एवढी. आणि बदललंत तरी काय? हे पहिलं, हे मधलं, शेजारी शेजारी लावते — बघा, केसभर फरक नाही. भोकं तिथंच, जाडी तीच. मग सकाळी फाइल बाहेर काढायची आणि संध्याकाळी जशीच्या तशी परत ठेवायची, हा काय उद्योग? मला कळत नाही असं समजू नका.

फाइल परत ठेवताना ती चौकट येते ना — काय बदललं त्याचा शेरा लिहा म्हणून. लोक काय लिहितात? 'बदल केला.' नाहीतर नुसतं एक टिंब. मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, बाबांनो, शेरे माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, पण मी वाचते, तेव्हा नीट लिहा. तुम्ही मागच्या खुर्चीत, छताकडे बघत. मला वाटलं, याच्या डोक्यावरून गेलं. कुठलं काय — तेवढंच नेमकं ऐकलंत. वाचू? 'भोकाचा व्यास तोच. आज खोकला कमी वाटला.' मान खाली नका घालू, तुम्हीच लिहिलंय. 'जाडी तीच. निळा स्वेटर बरा दिसतो.' बरा? नुसता बरा? 'काही बदल नाही. तुम्ही सुटीवर, कुंडीला पाणी मी घालतोय.' — घातलंत, आणि इतकं घातलंत की रोप कुजलं, ते नाही कुठं लिहिलंत. आणि जिन्यात समोर आलात की तोंडात मिठाची गुळणी. फार तर, 'आज गरम होतंय.'

हां, नवे साहेब सगळ्या फायलींचा इतिहास बघणार, म्हणून घाम फुटलाय होय? खरंय, हसं होईल. तुमचं होईल, माझंही होईल. बरं, पुसते. सगळी निवडली, आता हे बटण — नाही जात. नाही हो, मशीन बिघडलेलं नाही. खूण लावलेलं व्हर्जन पुसलं जात नाही. कुणी लावली म्हणजे? — खूण लावायचा अधिकार इथं कुणाला आहे? — बरं, मलाच आहे. लावली. जे ज्या दिवशी आलं, त्याला त्याच दिवशी. नियमच आहे तसा. कुठला ते विचारू नका.

हसताय काय? एकानं फाइल बाहेर काढली की ती परत येईपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही, माहीत आहे ना? मग काम तरी करावं माणसानं, नाहीतर सोडावी तरी. नुसतं आपल्या नावावर अडवून ठेवायचं, हे काय? घरी मावशी माझ्या मागे, चांगली चांगली स्थळं आणते, तू सगळ्यांना नाही का म्हणतेस विचारते — तिला काय सांगू, बाहेर काढून ठेवलीय म्हणून? —

फायलीबद्दल बोलतेय मी. फायलीबद्दल. असं बघू नका. खुणा काढते, पुसून टाकते सगळं, साहेबांना काही दिसणार नाही, शब्द देते. माझ्याकडे मग काय राहील, ते माझं मी बघेन. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण तुम्ही कशाला काळजी करता — तुमचं झाकण आहे तसंच राहील. झालं तुमचं काम. निघा आता. उठा. जाताना दार ओढून घ्या, आवाज येतो बाहेरचा —

अहो, आतून.